टोक नसलेल्या पिरॅमिडचं घनफळ: तीन उत्तरं येतायत, बरोबर कुठलं?

मोजपट्टी
मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय. एक चौरस तळं खोदलंय, चारी बाजू आत उतरत गेलेल्या. तोंडाशी ४ मीटर बाय ४ मीटर, तळाशी २ बाय २, खोली दीड मीटर. उलटं करून डोळ्यासमोर आणलंत तर वरचं टोक उडवलेला पिरॅमिडच आहे तो. यात पाणी किती मावेल एवढंच काढायचंय.

पहिल्यांदा मी बाजूंची सरासरी काढली, ४ आणि २ ची ३, मग ३ × ३ = ९, गुणिले १.५, उत्तर १३.५ घनमीटर. नंतर वाटलं की बाजूंची कशाला, सरळ क्षेत्रफळांचीच सरासरी घेऊ, १६ आणि ४ ची १०, गुणिले १.५, उत्तर आलं १५. सोबत एक मित्र होता त्याने शाळेतलं काहीतरी सूत्र आठवून उत्तर काढलं १६.८, त्याने खोली मात्र उतारावर टेप टाकून मोजली होती, ती १.८० भरली. आता १३.५ आणि १६.८ मध्ये ३,३०० लिटरचा फरक आहे, हा काही थोडाथोडका नाही. कोणी नीट समजावून सांगेल का? नुसतं उत्तर नको, चुकतंय कुठे तेही कळायला हवंय.

काटकोन
उत्तर १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर.

सूत्र आठवत नसेल तरी निघतं. जे टोक नाहीये ते परत लावा आणि मग वजा करा. ४ ची बाजू २ व्हायला दीड मीटर खोली लागली, म्हणजे उरलेली २ ची शून्य व्हायला अजून दीड मीटर लागणार. अख्खा पिरॅमिड ३ मीटर उंच झाला. त्याचं घनफळ पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले ३, म्हणजे १६ × ३ ÷ ३ = १६. जे टोक नाहीये त्याचं ४ × १.५ ÷ ३ = २. सोळातून दोन गेले, राहिले १४.

शून्यलब्धी
काटकोन यांनी केलं तेच अक्षरांत मांडलं की सूत्र मिळतं. मोठी बाजू अ, लहान बाजू ब, मधली उंची उ. अख्ख्या पिरॅमिडची उंची उ × अ ÷ (अ − ब), कापलेल्या टोकाची उ × ब ÷ (अ − ब). दोन्हींचं घनफळ काढून वजाबाकी केली की वर उ × (अ चा घन − ब चा घन) राहतो आणि खाली ३ × (अ − ब). आता घनांच्या त्या वजाबाकीत (अ − ब) हा अवयव असतोच, तो खालच्याशी कटतो आणि उरतं ते असं:

घनफळ = उ × (अ×अ + अ×ब + ब×ब) ÷ ३

तुमचे आकडे घालून बघा, १६ + ८ + ४ = २८, गुणिले १.५ भागिले ३, बरोबर १४.

एक सांगून ठेवतो, एक्सेलमध्ये करणार असाल तर हे कटून उरलेलं रूपच टाका, घनांच्या वजाबाकीचं नको. बाजू अगदी सरळ उभ्या असल्या, म्हणजे अ आणि ब सारखे, तर वजाबाकीच्या रूपात शून्य भागिले शून्य होऊन एरर येतो, आणि दोन्ही जवळजवळ सारखे असले तर एरर येत नाही पण मोठ्या आकड्यातून त्याच्याएवढाच आकडा वजा होताना शेवटचे अंक बिघडतात, ते तर लक्षातही येत नाही. कटून उरलेल्या सूत्रात अ आणि ब सारखे घातले की सरळ अ×अ×उ मिळतं, जसं मिळायला हवं तसं.

तिरकी रेघ
मित्राच्या १६.८ चं कारण सूत्र नाहीये, सूत्र त्यांनी बरोबरच वापरलंय. २८ × १.८ ÷ ३ म्हणजे १६.८. चूक उंचीची आहे, आणि ही चूक इतके लोक करतात की जरा विस्ताराने लिहिते.

अशा आकारात तीन वेगवेगळी मापं 'उंची' म्हणून हातात येतात. एक खरी उभी उंची, तुमची १.५०. दुसरी तिरकस उंची, म्हणजे उताराच्या मधोमध वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत टेप टाकली तर येते ती. तळ प्रत्येक बाजूने १ मीटर आत गेलाय, त्यामुळे १.५ चा वर्ग २.२५ अधिक १, त्याचं वर्गमूळ १.८०, मित्राने हीच मोजली. तिसरी कोपऱ्याची धार, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. कोपरा दोन्ही दिशांनी एकेक मीटर आत जातो, म्हणून २.२५ + १ + १ = ४.२५, वर्गमूळ २.०६. घनफळाला फक्त पहिली चालते. पत्रा किंवा कापड किती लागेल हे काढायचं असेल तेव्हा दुसरी लागते.

उभी उंची मिळवायला वरच्या काठांवर समोरासमोर दोरी ताठ बांधा, झोल पडू देऊ नका, दोन्ही काठ एका पातळीत आहेत ना ते पाणसळीने बघा आणि दोरीवरून तळापर्यंत ओळंबा सोडा. टेप ओळंब्याच्या दोरीला लावायची, उताराला नाही. ओळंबा सोडता येत नसेल तर उतारावरची लांबी मोजून वर्गमूळाने मागे यायचं.

आणि हो, मागे येतानाही जपून. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावावर असलेल्या ग्रंथात असंच एक उदाहरण आहे, खालची बाजू २८, वरची ४, कोपऱ्याची धार १५, उंची काढा. आता २८ मधून ४ गेले २४, त्याचे निम्मे १२, म्हणजे कोपरा दोन्हीकडून १२ आत सरकला पाहिजे. १५ चा वर्ग २२५, त्यातून १४४ दोनदा वजा करायचे, एकदा केले की ८१ राहतात आणि ८१ मधून १४४ जातच नाहीत. तिथे ८१ वजा १४४ च्या जागी १४४ वजा ८१ करून पुढे गेलेत. असा पिरॅमिड बनूच शकत नाही, कारण कोपऱ्याला नुसतं आडवंच जवळपास १७ जायचंय आणि धार आहे १५ ची. ऋण संख्येच्या वर्गमूळाची गाठ गणितात पडली त्याचं हे फार जुनं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते हे की मापं कागदावर आली की आधी ती एकमेकांशी जुळतायत का ते बघावं.

मोजपट्टी
सगळ्यांचे मनापासून आभार. तिरकी रेघ, तुमचं वाचून मित्राला फोन केला, त्याला पटलं.

पण माझं अजून एक राहिलंय. १४ बरोबर हे समजलं, वजाबाकीने दिसलंच. पण क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर का चुकतं? वर १६, खाली ४, मध्ये हळूहळू बदलत जातंय, मग सरासरी १० का नाही? हे डोक्यातून जाईना.

रेघोटी
मलाही हाच प्रश्न आहे. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढताना आपण समांतर बाजूंची सरासरी गुणिले उंची असंच करतो की, आणि ते अचूक येतं. इथेही तसंच व्हायला हवं ना?

शून्यलब्धी
समलंब चौकोनात खालून वर जाताना लांबी सारख्या वेगाने कमी होते, म्हणून मधोमध गेलात की बरोबर सरासरी लांबी भेटते. इथे सारख्या वेगाने कमी होते ती बाजू, क्षेत्रफळ नाही. क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाने बदलतं. मधोमध, पाऊण मीटरवर, बाजू ३ आहे आणि क्षेत्रफळ ९. तुमची सरासरी म्हणते १०. तिथेच फरक पडला.

जुनी वही
मोजपट्टी, तुमचे आकडे इतके छान पडलेत की हे कापूनच दाखवतो. कागदावर वरून दिसतो तसा तळ्याचा आराखडा काढा, ४ चा मोठा चौरस आणि त्याच्या पोटात मधोमध २ चा लहान. लहान चौरसाच्या चारी बाजू दोन्हीकडे वाढवून मोठ्या चौरसाला भिडवा. नऊ घरं झाली. आता या रेघांवरून तळं उभं कापलं असं समजा.

मधल्या घरात सरळ ठोकळा आहे, २ × २ × १.५, घनफळ ६.

चार बाजूंच्या घरांत पाचरी आहेत. प्रत्येकीचं वरचं तोंड २ बाय १, एका कडेला पूर्ण दीड मीटर खोल आणि काठाशी शून्य. पाचर म्हणजे ठोकळ्याचा बरोबर निम्मा भाग, दोन पाचरी उलटसुलट ठेवल्या की ठोकळा होतो. २ × १ × १.५ ÷ २ = १.५, अशा चार, मिळून ६.

राहिले चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्याचं तोंड १ बाय १, आणि खोली फक्त आतल्या एका कोपऱ्यात दीड मीटर, तिथून दोन्ही काठांकडे शून्य होत जाते. हा छोटा पिरॅमिडच, पण त्याचं टोक मधोमध नसून एका कोपऱ्याच्या बरोबर खाली आहे. असे तीन पिरॅमिड एकत्र बसवले की ठोकळा भरतो, म्हणून प्रत्येक १ × १ × १.५ ÷ ३ = ०.५, चार मिळून २.

६ + ६ + २ = १४.

आता तुमच्या दोन चुकलेल्या उत्तरांकडे याच नजरेने बघा. १५ मधून ठोकळ्याचे ६ आणि पाचरींचे ६ काढून टाका, कोपऱ्यांना उरले ३, म्हणजे क्षेत्रफळांची सरासरी घेताना तुम्ही कोपरे निम्मे भरलेले धरलेत. १३.५ मधून १२ काढा, उरले १.५, म्हणजे बाजूंची सरासरी घेताना कोपरे पाव भरलेले धरलेत. खरे ते एक तृतीयांश भरतात. ठोकळा आणि पाचरी दोन्ही पद्धतींत अचूक आहेत, त्यात एक लिटरचाही फरक नाही. सगळं भांडण त्या चार कोपऱ्यांचं आहे.

ही कल्पना माझी नाही हो. चीनमध्ये 'गणितावरील नऊ प्रकरणे' या जुन्या ग्रंथात टोक कापलेल्या पिरॅमिडचा नियम दिलाय, आणि इ.स. २६३ मध्ये ल्यू हुई याने त्यावर भाष्य लिहिताना तो आकार असाच मधला ठोकळा, चार पाचरी आणि चार कोपरे असा फोडून दाखवला. कोपऱ्याच्या तुकड्याला तिथे यांगमा असं स्वतंत्र नावच आहे. ग्रंथातलं उदाहरण खालची बाजू ५० ची, वरची ४० ची, उंची ५० असं आहे आणि उत्तर १,०१,६६६ आणि दोन तृतीयांश. करून बघा, येतं.

रेघोटी
निम्मा, पाव, तृतीयांश!! हे वाचून खरंच कागद घेऊन बसले आणि नऊ घरं काढली. आता विसरणार नाही. तीन पिरॅमिडचा ठोकळा होतो हे मात्र डोळ्यांसमोर येत नाहीये.

जुनी वही
जाड पुठ्ठ्याचे करून बघा, सर्वांत सोपं घनाचं. घनाचा एक कोपरा पकडा. त्या कोपऱ्याला न शिवणाऱ्या बाजू, म्हणजे सपाट पृष्ठं, तीनच असतात. त्या प्रत्येक बाजूपासून पकडलेल्या कोपऱ्यापर्यंत पिरॅमिड काढा, तीन सारखे पिरॅमिड होतात आणि घन पूर्ण भरतो, फट राहत नाही. तळ्याच्या बाबतीत ठोकळा घन नाही, दीडपट उंच आहे, तिथे तिन्ही तुकडे दिसायला वेगळे होतात पण उभ्या दिशेने ताणलं की सगळ्यांचं घनफळ सारख्याच पटीने वाढतं, म्हणून तृतीयांश तसाच राहतो.

कुठल्याही वेड्यावाकड्या पायाच्या पिरॅमिडसाठी मात्र नुसतं कापून आणि जुळवून हे सिद्ध होत नाही. १९०० साली जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने इतर गणितज्ञांपुढे जे प्रश्न मांडले त्यातला तिसरा याबद्दलच होता, आणि त्याचाच विद्यार्थी मॅक्स डेन याने दाखवून दिलं की सारखा पाया आणि सारखी उंची असलेले दोन त्रिकोणी पिरॅमिड एकाचे तुकडे करून दुसरा बनवता येईलच असं नाही. तिथे पातळ पातळ चकत्यांची बेरीज करायलाच लागते.

ओलसर शाई
धागा वाचून राहवलं नाही. जुनी वही यांनी चीनचं सांगितलं, तर आपल्याकडचं सांगायलाच हवं, कारण मोजपट्टींनी केलेल्या दोन चुकांवरूनच बरोबर उत्तर काढायची रीत ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलीय, आणि तीसुद्धा खड्ड्यांसाठीच, 'खात' म्हणून.

तो म्हणतो की तोंड आणि तळ यांच्या बाजूंच्या सरासरीवरून जे फळ येतं ते व्यावहारिक. क्षेत्रफळांच्या सरासरीवरून येतं ते औत्र, म्हणजे ढोबळ. ढोबळातून व्यावहारिक वजा करा, तीनने भागा, आणि जे येईल ते व्यावहारिकात मिळवा. ते सूक्ष्म, म्हणजे अचूक.

आता हे तुमच्या तळ्याला लावा. १५ मधून १३.५ गेले १.५, भागिले तीन ०.५, मिळवा १३.५ मध्ये. १४! पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी दोन-तीन वेगळे आकडे घालून तपासलं, प्रत्येक वेळी अचूक. म्हणजे तुमची दोन्ही उत्तरं टाकून द्यायची नव्हती, दोन्ही लागतात.

काटकोन
वा, हे माहीत नव्हतं. आणि जुनी वहींच्या कोपऱ्यांवरून त्याचं कारणही दिसतं. पाव ते निम्मा हे अंतर एक चतुर्थांश, पाव ते तृतीयांश एक बारांश. एक बारांश म्हणजे चतुर्थांशाचा बरोबर तिसरा हिस्सा. म्हणून फरकाला तीनने भागायचं. बाजूंची सरासरी जेवढी कमी दाखवते त्याच्या दुप्पट क्षेत्रफळांची सरासरी जास्त दाखवते, नेहमीच.

लाकडाच्या ओंडक्यांचं माप घेणारे हे रोज वापरतात. दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेण्याला स्मालियनचं सूत्र म्हणतात, मधोमधचं एकच क्षेत्रफळ घेण्याला ह्यूबरचं, आणि दोन्ही टोकं अधिक मधल्याची चौपट भागिले सहा याला न्यूटनचं. ओंडका निमुळता असला तरी तिसरं अचूक बसतं.

गवतफूल
एक शंका. माझ्याकडे चौरस नाही, आयत आहे, मातीचा ढीग, खाली १२ मीटर बाय ६ मीटर, आणि वर सपाट नाही, मधोमध ६ मीटर लांबीची नुसती धार आहे, घराच्या छपरासारखी. सगळीकडे लिहिलेलं असतं की दोन्ही क्षेत्रफळं घ्या, त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या, तिन्हींची बेरीज गुणिले उंची भागिले ३. माझ्यात वरचं क्षेत्रफळ शून्य, खालचं ७२, वर्गमूळही शून्य, म्हणजे ७२ × उंची ÷ ३, उंचीच्या २४ पट. पण हे तर पूर्ण टोकदार पिरॅमिडचं उत्तर झालं, आणि माझ्या ढिगाला वर ६ मीटरची धार आहे, माती जास्त असायला हवी.

तिरकी रेघ
तुमची शंका रास्त आहे आणि फार महत्त्वाची आहे. ते वर्गमूळवालं सूत्र फक्त खऱ्याखुऱ्या कापलेल्या पिरॅमिडला लागतं, म्हणजे ज्याच्या चारी धारा वर वाढवल्या तर एकाच बिंदूत मिळतात. त्यासाठी वरचा आयत हा खालच्याचंच लहान रूप असावा लागतो, लांबी आणि रुंदी एकाच पटीने कमी झालेली. तुमच्याकडे लांबी १२ ची ६ झाली, म्हणजे निम्मी, आणि रुंदी ६ ची शून्य. धारा एका बिंदूत मिळतच नाहीत. तुमचा आकार पिरॅमिड नाही, उतरत्या बाजूंचा दुसराच घन आहे.

कापून बघा. मधले ६ मीटर सरळ छपरासारखे, त्रिकोणी तोंड ६ × उंची ÷ २, गुणिले लांबी ६, उंचीच्या १८ पट. दोन्ही टोकांचे ३-३ मीटर जोडले की ६ बाय ६ पायाचा पूर्ण पिरॅमिड होतो, ३६ ÷ ३, उंचीच्या १२ पट. एकूण ३० पट. २४ आणि ३० मध्ये केवढा फरक आहे बघा, पाचातला एक हिस्सा मातीच हरवत होती.

मधलं क्षेत्रफळ मोजून, वर सांगितलेल्या चौपटीच्या सूत्राने करा. मधोमध लांबी ९, रुंदी ३, क्षेत्रफळ २७, चौपट १०८, अधिक ७२, अधिक ०, १८०, भागिले ६, आले ३०. हे सूत्र दोन्ही प्रकारांना चालतं, म्हणून आयत असला की मी तेच वापरते.

ओलसर शाई
आणि हेच भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, ११५० सालच्या! तिथे मधलं क्षेत्रफळ वेगळं मोजायचं नाही, तर तोंडाची लांबी आणि तळाची लांबी मिळवायची, रुंदीचं तसंच, त्या दोन बेरजांचा गुणाकार करायचा. तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि हा गुणाकार, तिन्हींची बेरीज भागिले सहा, हे झालं सम क्षेत्रफळ, त्याला खोलीने गुणा. बेरजांना दोनने भागत बसायचं नाही की चौपट करायची नाही, दोन्ही आपोआप कटतं.

उदाहरण विहिरीचं, वापीचं आहे. तोंड १२ हात बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा, खोली ७ हात. १२० अधिक ३०, अधिक १८ × १५ म्हणजे २७०, बेरीज ४२०, भागिले सहा ७०, गुणिले सात ४९०. गवतफूल, तुमच्या ढिगाला लावा: ७२, ०, आणि १८ × ६ = १०८. भागिले सहा ३०. जमलं.

गवतफूल
जमलं! तिघांचेही आभार. ३० पट हाच आकडा धरते.

अर्धविराम
टोक नसलेला पिरॅमिड म्हटल्यावर मला गिझाचा मोठा पिरॅमिड आठवला, त्याचं टोक खरंच नाहीये. मूळ उंची १४६.६ मीटर होती, आज साधारण १३८.५ मीटर आहे. ८ मीटर गेले, ऐकायला बरंच वाटतं. पण टोकाचं घनफळ उंचीच्या घनाने कमी होतं. ८.१ भागिले १४६.६ म्हणजे ०.०५५, त्याचा घन ०.०००१७. पाया २३०.३ मीटरचा धरला तर अख्ख्याचं घनफळ जवळपास २५.९ लाख घनमीटर, त्यातलं टोकाचं फक्त ४४० च्या आसपास. बाहेरचे गुळगुळीत दगड गेले ते वेगळे, पण टोकापुरतं बोलायचं तर दहा हजारात दोनसुद्धा भाग नाही. याउलट अर्ध्या उंचीवर कापला असता तरी वर फक्त एक अष्टमांश गेला असता.

आणि हा हिशोब इजिप्तचाच सर्वांत जुना सापडतो. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात तिथला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, आहे, इ.स.पूर्व १८५० च्या सुमाराचा, त्यातला चौदावा प्रश्न: उंची ६, खाली ४, वर २. रीत अशी, ४ चा वर्ग १६, ४ ची दुप्पट ८, २ चा वर्ग ४, मिळवा २८, सहाचा तिसरा हिस्सा २, २८ दोनदा घ्या, ५६. मोजपट्टी, तुमच्या बाजू हुबेहूब त्याच आहेत, ४ आणि २! फक्त तुमची खोली त्याच्या पाव, म्हणून ५६ ऐवजी १४. हे त्यांना कसं सुचलं ते त्यात लिहिलेलं नाही, नुसते आकडे आणि कृती आहे.

रेघोटी
अंगावर काटा आला. तोच २८.

परीघ
गोल भांड्यांसाठी एक भर. बादली म्हणजे टोक कापलेला शंकू, सूत्र तसंच, फक्त बाजूंच्या जागी त्रिज्या आणि पुढे गुणिले पाय (π, सुमारे ३.१४). पण बादलीची त्रिज्या नीट मोजता येत नाही, मध्यबिंदू कुठला धरायचा? त्यापेक्षा दोरीने घेर मोजा. मोठा घेर आणि लहान घेर, दोघांचे वर्ग आणि दोघांचा गुणाकार मिळवा, उंचीने गुणा, आणि ३७.७ ने भागा, ते १२ × पाय आहे. वरचा घेर ९० सेंमी, खालचा ६०, उभी उंची ३० असेल तर ८१०० + ५४०० + ३६०० = १७,१००, गुणिले ३० भागिले ३७.७, सुमारे १३,६०० घन सेंमी, म्हणजे १३.६ लिटर.

तळं किंवा भांडं एका बाजूला कललेलं असलं, म्हणजे तळ बरोबर मधोमध खाली नसला, तरी घनफळ बदलत नाही, तोंड आणि तळ समांतर हवेत आणि उंची उभी मोजलेली हवी. तोंडच तिरकं कापलेलं असेल तर मात्र यातलं काही लागू नाही.

मोजपट्टी
काल सकाळी दोरी, पाणसळ, ओळंबा सगळं घेऊन परत मोजलं. तोंडाचे दोन्ही कर्ण ५.६६ आले, म्हणजे चौरस खरंच चौरस आहे. ओळंबा १.५० वर टेकला. १४,००० लिटर पक्के.

आता पाण्याची पातळी बघायला एक काठी उभी करायचीय, हजार हजार लिटरच्या खुणांची. आधी वाटलं दीड मीटरचे १४ सारखे भाग करू, पण इथलं वाचल्यावर थांबलो आणि शून्यलब्धींच्या घनांच्या वजाबाकीवरून उलटं काढलं. जितके हजार लिटर त्याला चारने गुणायचं, ८ मिळवायचे, घनमूळ घ्यायचं, ती त्या पातळीची बाजू. त्यातून २ वजा करून ०.७५ ने गुणलं की खोली. पहिली खूण २१.७ सेंमीवर आली, दुसरी ३९.०, तिसरी ५३.६, चौथी ६६.३. पाऊण मीटर पाणी असलं तर तळं अर्धं भरलंय असं वाटेल पण त्यात फक्त ४,७५० लिटर असतात. खरे अर्धे, ७,०००, भरतात ९७.६ वर. आणि तेरावी खूण १४३.६ वर, म्हणजे शेवटचे हजार लिटर फक्त ६.४ सेंमीत मावतात. कोणी एकदा तपासून सांगाल का, खुणा खोदायच्या आधी?

शून्यलब्धी
पहिली, सातवी आणि तेरावी करून बघितली. १२ चं घनमूळ २.२८९४, ३६ चं ३.३०१९, ६० चं ३.९१४९. तिन्ही बरोबर आहेत, खोदा. काठी ओळंब्यात उभी करा फक्त, उताराला टेकवून नको.